ल्हासाची तयारी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तिच्या बुटाची गाठ सोडवणं. ती ओट्यावर बसली होती, मी खाली उकिडवा. नाडीत कुसळ अडकून गाठ घट्ट झाली होती, आणि माझ्या बोटांना आता बारीक काम जमत नाही. तिनं पाय मागं ओढला.

"सोडा तुमी. मी काढते."

"तुले येते का?"

"नाही येत. पण लोकं पाह्यतात ना. नवरा बायकोच्या पायाले हात लावते म्हणतीन. पाप मले लागते."

"लोकायले वावरात कामं हायेत. दे इकडं."

वच्छलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, जन्मात चपलेशिवाय पायात काही घातलं नव्हतं. बूट आणले तेव्हा डावा कोणता हेच तिला आधी कळेना. नाडी बांधणं तिला शेवटपर्यंत आलं नाही. सकाळी निघताना मी दार लावून घ्यायचो आणि आत बसून तिच्या नाड्या बांधायचो. दार लावायचं कारण तेवढंच, पण शेजारच्या बाया तिला चिडवायच्या, म्हातारपणी सकाळी सकाळी दार कशाले लावतात म्हणून. ती हसून घ्यायची. खरं कारण सांगायची लाज तिला जास्त होती. मला म्हणायची, "लग्नात एकडाव माह्या पायाचा अंगठा धरला होता, तेवढं बस होतं."

गाठ सुटली. मी बूट उलटे करून झटकले, भिंतीशी माझ्या बुटांजवळ ठेवले आणि वांग्यांना पाणी द्यायला गेलो. ती दुपारी भाकर खाऊन जराशी पडते म्हणाली, ती उठली नाही.

आता त्याला वर्ष होत आलं. बांधावरचा पळस पुन्हा पेटलाय. हरभरा सोंगून ढीग पडलेत, हातांना हरभऱ्याची आंबट आंब लागून भेगा चरचरतात. दुपारी ऊन डोक्यात जातं आणि पहाटे अजून चादर लागते. याच दिवसांत आमची तयारी चालू होती, म्हणून हे दिवस आले आणि मला मान वर करवत नाही.

तयारी कशाची, ते सांगतो. आम्हाला ल्हासाला जायचं होतं. ल्हासा म्हणजे तिबेटातलं मोठं शहर, हिमालयाच्या पलीकडं, इतकं उंच की तिथं हवाच पातळ आहे. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. वांगी, मेथी, टमाटे पिकवायचे आणि लोणारच्या बाजारात नेऊन टाकायचे, यात जन्म गेला. असल्या माणसानं ल्हासाचं नाव काढलं तर गाव हसेल, म्हणून आम्ही ते घराबाहेर काढलं नाही. घरातही पोराला उशिरा कळलं.

हे वेड मेहकरहून आलं. दिवाळी झाली की तिथं रस्त्याच्या कडेला तिबेटी लोक स्वेटरांची दुकानं मांडतात. त्यात पेमा नावाची एक बाई. वच्छलानं तिच्याकडून एकदा नातवाला टोपी घेतली, आणि त्यानंतर दर थंडीत दोघींची गाठ पडू लागली. एक वऱ्हाडी बोलायची, एक हिंदी, आणि दोघींचं भांडण फक्त स्वेटरच्या भावावरून व्हायचं. वच्छला तिला वांगी न्यायची. पेमा म्हणायची, "दीदी, आपका बैंगन खाके स्वेटर का दाम कम नहीं होगा." वच्छला म्हणायची, "मग वांगे वापस दे."

पेमानं तिला एक कॅलेंडर दिलं होतं. डोंगरावर बांधलेला पांढरा आणि लाल भलामोठा राजवाडा, आणि पुढं एक झाड, नुसत्या फुलांनी भरलेलं. ते वर्ष सरलं तरी कॅलेंडर चुलीपाशी तसंच राहिलं, धुरानं राजवाडा पिवळा झाला. पेमानं स्वतः ल्हासा पाहिलेलं नाही. तिची आई लहानपणी तिथून डोंगर ओलांडून निघाली, पेमा इकडंच जन्मली आणि तिला तिकडं जाता येत नाही. आई सांगायची की घरामागं पीचचं झाड होतं, थंडी सरता सरता पानांच्या आधी फुलं यायची. फुलांचा रंग आई एकदा गुलाबी सांगायची, एकदा पांढरा.

"पानाआधी फुलं," वच्छला म्हणाली. "म्हणजे आपल्या पळसावाणी."

पेमाला पळस ठाऊक नव्हता. ती थंडीत येते, पळस फुलायच्या आधी निघून जाते. आणि वच्छला बोलून बसली, "मी पाहून येतो तुह्या आईचं झाड. रंग सांगतो तुले." घाईत बोलली की ती गड्यासारखंच बोलायची. पेमा हसली नाही. तिनं वच्छलाचा हात धरून ठेवला, गिऱ्हाईक उभं होतं तरी. तिथंच आम्ही अडकलो.

मेहकरचे एक निवृत्त मास्तर दरवर्षी लोकांना घेऊन यात्रा काढतात. ते काठमांडूवरून ल्हासाला माणसं नेणार होते, पाडव्यानंतर. आम्ही पासपोर्ट काढले. फोटोत वच्छला अशी आली जसं तिला कोणी रागावलंय. खर्चाचं मी इथं लिहीत नाही. मास्तर म्हणाले, दम लागणार नाही अशी सवय करा आणि निघायच्या आधी छाती दाखवून घ्या. त्यातली सवय आम्ही केली. छातीचं मागं टाकलं, डॉक्टरचा कागद शेवटी द्यायचा होता म्हणून.

आमच्याकडं डोंगर नाही. आमच्याकडं खड्डा आहे. लोणारचं तळं म्हणजे आभाळातून दगड पडून झालेला मोठा गोल खड्डा, तळाशी खारं पाणी, भोवती झाडी आणि पडकी देवळं. घरापासून चालत कड्यावर जाता येतं. खाली उतरायचं आणि चढून वर यायचं, असा सराव मी ठरवला. एवढ्या उंच जायची तयारी आम्ही खड्ड्यात उतरून केली. मास्तरांना फोनवर सांगितलं तर ते हसले. "काका, खाली गेलं की हवा दाट होते. तुम्ही उलटी तयारी करून राहिले."

मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मास्तरले म्हणा, उतरतो तवा उलटी, चढतो तवा सुलटी."

त्या सकाळी मला आत्ताही दिसतात. कड्यावरून खाली पाहिलं की पाण्यावर वाफ असायची आणि कुजकट वास वर यायचा. उतरताना वानरं झाडांतून आमच्याबरोबर उतरायची. मोर ओरडायचे. वच्छला एका हातानं लुगडं वर धरायची, दुसऱ्या हातानं मला, आणि नव्या बुटांकडं पाहत चालायची, जसे ते कोणाचे तरी मागून आणलेत. खाली देवीपुढं उभं राहायचं, थोडे फुटाणे खायचे आणि वर निघायचं.

चढताना अर्ध्यावर एक पळस आहे. तिथं आली की ती खोडाला हात लावून थांबायची.

"थांबा वो."

"थांबू नको. तिथं कोण थांबन तुह्यासाठी? दम लागू दे. लागला तवाच सवय होते."

ती हातानंच सांगायची, चला, काही नाही. आणि चालायची. मला तिचा दम ऐकून बरं वाटायचं. वाटायचं, काम होऊन राहिलं. सुरुवातीला मलाही लागायचा. दिवस गेले तसा माझा दम कमी झाला आणि तिचा वाढला. दोघं एकच चढ चढत होतो. एकाचा कमी होतो आणि एकाचा वाढतो, याचा अर्थ काय, हे कोणत्याही बैलवाल्याला कळलं असतं. बैल असा धापा टाकू लागला तर मी त्याला सावलीत बांधला असता.

ती गेल्यावर डॉक्टर म्हणाले, हृदयाचं असेल, आधीपासूनच असेल. माझी मुलगी सुनंदा सुलतानपूरला दिलेली आहे. तिनं दहाव्याच्या दिवशी सगळ्यांसमोर विचारलं, "माय संक्रांतीपासून दमून राह्यली होती. तुमाले दिसलं नाही का, बाबा?" मी म्हणालो, दिसलं. आणखी काय म्हणणार. दिसत तर होतंच, मी त्यालाच सराव म्हणत होतो. हे सगळ्यांना माहीत आहे, ते मी लपवलेलं नाही. सुनंदा अजून माझ्याशी तुटक बोलते आणि ते बरोबर आहे. तिच्या रागाची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती लोकांच्या मायेची.

झालं असं. वच्छलाला संध्याकाळी अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरात दिसलो नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं, सुतक, आणि ज्याची बायको गेली तोच माणूस नाही. माझा पोरगा गजानन आणि त्याचा साळा धावत तळ्यावर आले. मी कड्यावर सापडलो. गजाननचा साळा मला मिठी मारून रडला. म्हणाला, "मामा, असं करू नका. पोरायकडं पाहा." मला आधी समजलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय. समजलं तेव्हा खूप उशीर झाला होता, तोवर आम्ही घरी पोचलो होतो आणि अंगणात बायका मोठ्यानं रडत होत्या. त्यांना वाटलं मी तळ्यात जीव द्यायला गेलो होतो.

मी मरायला गेलो नव्हतो. मी सरावाला गेलो होतो.

हे वाक्य मला वर्षभर तोंडातून काढता आलं नाही. काय सांगणार? बायकोची राख गरम आहे आणि मी ल्हासासाठी चढ चढून आलो? मी गप्प बसलो, आणि गप्प बसलेल्या म्हाताऱ्यावर लोक जे पाहिजे ते लिहून टाकतात. गावानं माझ्यावर लिहिलं की याचा बायकोवर असा जीव होता. चहाच्या टपरीवर मला पहिला कप मिळतो. एसटीत तरणी पोरं उठून जागा देतात. कार्तिकात एका लग्नात नव्या जोडप्याला आणून माझ्या पाया पाडलं, म्हणाले, यांच्यासारखा संसार करा. पोरगी वाकली तेव्हा मी पाय खुर्चीखाली घेतले. लोकांना तो माझा नम्रपणा वाटला.

आणि घरात माझ्यावर पहारा आहे. फवारणीचं औषध कुलपात गेलं. वांग्यावर अळी पडली तरी मला सुनेकडं किल्ली मागावी लागते, मग ती नातवाला पाठवते, आजोबा फवारतात का नुसते उभे राहतात ते पाहायला. विहिरीवर गेलो की सून घागर घेऊन मागं येते, घागर भरलेली असली तरी. तळ्याकडं तर पाऊल टाकू देत नाहीत. दोघांचे पासपोर्ट गजाननच्या कपाटात आहेत. माझे बूट कोणी उचलून ठेवले, ते मला पत्र्याच्या पेटीमागं सापडले. तिचेही तिथंच होते.

स्वेटरांचंही सांगायचं राहिलं. पेमाकडून आम्ही त्या प्रवासासाठी दोन जाड स्वेटर घेतले होते, तिला मेंदी रंगाचा, मला काळा. गेल्या फाल्गुनात एक दिवस भर दुपारी वच्छलाला वाटलं की ते घालून पाहावेत. आम्ही दार लावून ते घातले. घामानं दोघं निथळलो. ती आरशात पाहून म्हणाली, "दोन अस्वलं दिसून राह्यलो." मग तशीच बसली आणि मला विचारू लागली, तिथं सकाळी चहात मीठ घालतात ते खरं का, झाडाला हात लावू देतील का, आणि पेमाच्या आईचं घर नसेलच तर काय सांगायचं तिला. मी म्हणालो, कोणतंही झाड पाहू आणि रंग सांगू. ती म्हणाली, "खोटं नाही सांगायचं. झाड दिसलं नाही तं दिसलं नाही म्हणायचं."

या थंडीत पेमा आली होती. मी बाजाराला गेलो की पलीकडच्या गल्लीनं जायचो. मला तिला सांगायचं नव्हतं. शेवटी ती आवराआवर करत असताना तिनंच मला हाक मारली. तिला कोणीतरी सांगितलं होतं. तिनं स्टूल दिलं, बसवलं. मग म्हणाली, "दीदी ने बोला था, रंग बताएगी." मागणं नव्हतं त्यात. आठवण काढली इतकंच. मी मान हलवली आणि उठलो. तिनं माझ्याकडं इतरांसारखं कौतुकानं पाहिलं नाही. म्हणून वर्षात पहिल्यांदा कोणाच्या समोर बसून मला बरं वाटलं.

गेल्या आठवड्यात मास्तरांचा फोन आला. यंदा पुन्हा जातोय, एक जागा आहे, येता का काका. मी हो म्हणालो. विचार केला नाही, तोंडातून निघून गेलं. फोन ठेवला आणि अंग गरम झालं. वर्षश्राद्ध व्हायचंय, आणि म्हातारा फिरायला निघाला. मला जायचंय, हे खरं आहे. फक्त पेमासाठी आणि वच्छलाच्या शब्दासाठी जायचंय असं लिहिलं तर ते चांगलं दिसेल. पण मला स्वतःलाही पाहायचंय ते शहर. ती असताना तिच्याआड लपून मी ते पाहू शकलो असतो. आता आड कोणी नाही.

परवा दुपारी खळ्यावर हरभऱ्याचा ढीग झाकत होतो. गजानन ताडपत्रीचं दुसरं टोक धरून होता.

"गजानन, माहा पासपोर्ट पाह्यजे."

"कशाले?"

"मास्तर ल्हासाले चालले. मी हो म्हणलो."

तो ताडपत्री धरून उभा राहिला. "बाबा, तुमाले एवढ्या उंच एकल्यानं कसं पाठवू मी? तुमी तळ्यावर काय केलं होतं ते..."

"मी मराले नव्हतो गेलो."

"असू द्या आता."

"ऐकून घे. सरावाले गेलो होतो. रोजच्यासारखा. उतरलो अन् चढलो."

मला वाटलं तो चिडेल. त्यानं ताडपत्रीच्या टोकावर दगड ठेवला, मग दुसरा ठेवला, आणि म्हणाला, "मले ठाऊक हाय."

"काय ठाऊक?"

"तुमच्या पायात बूट होते. नाडीले दुहेरी गाठ होती. जीव द्याले जाणारा माणूस दुहेरी गाठ मारते का?"

"मग वर्षभर बोलला काऊन नाहीस?"

"काय बोलू? मायची राख गरम होती अन् बाप सरावाले गेला, असं सांगू गावाले? लोकं मानानं बोलून राह्यले होते. मी म्हटलं चालू द्या." तो खाली पाहत होता. "औषध मीच कुलपात टाकलं. लोकायले दिसलं पाह्यजे म्हणून."

मी त्याच्याकडं पाहिलं. माझाच पोरगा. लाजही माझ्याच घरातली, दोघांनी वाटून घेतलेली, आणि वर्षभर एकमेकांना न दाखवता खाल्लेली. मला हसू आलं, पण ते काही बरं हसू नव्हतं.

"आधी छाती दाखवू डॉक्टरले," तो म्हणाला. "मी येतो संगं. ते ठीक म्हणले तरच."

"हाव. मायचीही तवाच दाखवाले पाह्यजे होती."

"हाव," तो म्हणाला. असू द्या म्हणून त्यानं मला सोडवलं नाही, आणि ते बरं केलं. संध्याकाळी त्यानं दोन्ही पासपोर्ट आणून माझ्या बाजेवर ठेवले. तिचा तो फोटो, कोणी रागावल्यासारखा.

डॉक्टरांनी नाही म्हटलं तर नाही. हो म्हटलं तर मी जाणार आहे. झाड दिसलं तर रंग पाहीन, नाही दिसलं तर दिसलं नाही म्हणून सांगेन. लोक म्हणतील, बायकोमागं जीव द्यायला निघालेला माणूस वर्षात फिरायला गेला. म्हणू द्या. आता लग्नात माझ्या पाया कोणाला पाडू नका, एवढ्यासाठीच हे लिहिलं.

पासपोर्ट ठेवून निघता निघता गजाननानं एक विचारलं होतं, "पण बाबा, आम्ही आलो तवा तुमी मागं वळून कोणाशी बोलून राह्यले होते?" मी त्याला उत्तर दिलं नाही. ते इथं लिहितो.

त्या सकाळी बायका आतल्या खोलीत दिव्याजवळ वाकल्या होत्या. ती जिथं निजली होती तिथं पीठ पसरून वर टोपलं झाकलं होतं, त्यावर तिचं काय उमटलं ते पाहत होत्या. माझी रोजची वेळ झाली होती. मी दार लावून घेतलं, आत बसलो, बूट घातले, नाड्या बांधल्या. मागच्या दारानं निघालो. पाण्यावर वाफ होती. वानरं बरोबर उतरली. सुतक होतं म्हणून देवीपुढं गेलो नाही, लांबूनच परतलो आणि चढायला लागलो. अर्ध्यावरच्या पळसाखाली फुलांचा सडा पडला होता, मी त्यावरून चालत गेलो, थांबलो नाही. कड्यावर आलो. छातीवर हात ठेवून पाहिला. दम लागला नव्हता, जराही नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. मला लई आनंद झाला, आणि तिला सांगायला मी मागं वळलो.